पातळी न विचारणारे यंत्र: मिक्सप्री-६ टू आणि ख्यालाचे ध्वनिमुद्रण

ख्यालगायनाचे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने गायकाला विचारू नये असा एक प्रश्न आहे, आणि नेमका तोच त्याला सर्वांत आधी विचारावा लागतो: ‘तुमचा मोठ्यात मोठा आवाज एकदा लावून दाखवता का?’ गायक सौजन्याने दोन-तीन ताना घेऊन दाखवतात, आपण त्या हिशेबाने गेन, म्हणजे मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, लावतो, आणि पन्नास मिनिटांनी द्रुत ऐन रंगात आलेला असताना, तबला चढलेला असताना, तेच गायक तार षड्जावर असा काही आवाज लावतात की आधीची तपासणी हा निव्वळ उपचार होता हे कळून चुकते. गेन कमी ठेवावा तर सुरुवातीची आलापी आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणक, यंत्राच्या स्वतःच्या खरखरीजवळ जाऊन बसते. जास्त ठेवावा तर शेवट फाटतो. साउंड डिव्हायसेस कंपनीच्या मिक्सप्री-६ टू या ध्वनिमुद्रण-यंत्राबद्दल, म्हणजे मुद्रकाबद्दल, मी जे लिहिणार आहे ते बहुतांशी या एका अडचणीभोवती फिरते, कारण आम्ही तो तेवढ्याचसाठी घेतला.

आम्ही तिघे मिळून पुण्यात शास्त्रीय संगीताचे एक छोटे प्रकाशन चालवतो. वर्षाकाठी दोन, फार तर तीन ध्वनिमुद्रिका निघतात. या शहराला अशा उद्योगांची सवय आहे. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेट ऐकत आमची पिढी वाढली आणि मोठ्या कंपनीने न घेतलेले गाणेही जपून ठेवण्यासारखे असते ही समजूत आमच्यात तिथूनच आली. काही वर्षांपूर्वी भाड्याने घेतलेल्या एका स्टुडिओत भूपाचा द्रुत मुद्रित करताना तीन ठिकाणी आवाज फाटला. दोन जागा कशाबशा सांधता आल्या. तिसरी तान पुन्हा घेऊ या का, असे विचारल्यावर बुवा शांतपणे म्हणाले, ‘ती काय सांगून आली होती?’ त्या मुद्रिकेत ती तान नाही.

विस्कॉन्सिन राज्यातली ही कंपनी मुख्यतः चित्रीकरणस्थळी ध्वनी टिपणाऱ्यांसाठी यंत्रे बनवते. मिक्सप्रीची ही दुसरी आवृत्ती तिने २०१९ साली आणली आणि तिच्यात ३२ बिट फ्लोट पद्धतीची सोय दिली. सोप्या भाषेत सांगायचे तर १६ बिटांच्या सीडीत अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल बसते. २४ बिटांत कागदावर १४४ बसते, पण आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी चांगली चिप, म्हणजे रूपांतरकही, प्रत्यक्षात १२०च्या आसपास दमते. या यंत्रात एकाच ध्वनीसाठी वेगवेगळ्या पातळ्यांवर काम करणारे एकाहून अधिक रूपांतरक आहेत आणि त्यांची बेरीज करून कंपनी १४२ डेसिबलचा पल्ला सांगते. आकडा बाजूला ठेवला तरी त्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे: मुद्रण करताना गेन चुकला तरी फाइल चुकत नाही. संगणकावर तरंगाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसला तरी पातळी खाली ओढताच त्याचा गोलवा जसाच्या तसा परत येतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मी तीच कृती चार वेळा करून पाहिली होती.

यातून एक गैरसमज पसरतो, तो इथेच निस्तरलेला बरा. यंत्र फाटत नाही म्हणजे काहीच फाटत नाही असे नव्हे. मायक्रोफोनला त्याची स्वतःची मर्यादा असते, आणि डग्ग्याच्या तोंडाशी नको तितका जवळ लावलेला कंडेन्सर मायक्रोफोन तिथल्या तिथे कोलमडला तर पुढे कितीही बिट असोत, मोडलेलाच आवाज इमानेइतबारे साठवला जातो. दुसरी मर्यादा खोलीची आहे, आणि ती अधिक मोठी आहे.

गेल्या डिसेंबरात पेठेतल्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही तोडी मुद्रित केली. पहाटे साडेपाचला सुरुवात केली ती रहदारी टाळण्यासाठी. पंखे बंद, वऱ्हांड्यातला पाण्याचा कूलर बंद, भिंतीवरचे घड्याळ काढून शेजारच्या वर्गात ठेवलेले. दोन तानपुरे लागायला वीस मिनिटे गेली. मुख्य मायक्रोफोनची जोडी ओआरटीएफ पद्धतीने, म्हणजे एकमेकांपासून १७ सेंटिमीटरवर आणि ११० अंशांच्या कोनात, गायिकेपासून साधारण दोन मीटरवर उंच लावली होती. तिसरा मायक्रोफोन आवाजाला आणि चौथा तबल्याला. मी सवयीने तोंड उघडणार तोच ताई म्हणाल्या, ‘किती जोरात गाऊ ते मला विचारू नकोस हं.’ या वेळी खरोखरच विचारावे लागले नाही. गेनचे बटण अंदाजाने एका जागी ठेवले आणि तीन तास त्याला हात लावला नाही.

घरी ऐकताना पहिली गोष्ट जाणवली ती तानपुऱ्यांची. विलंबिताच्या सुरुवातीला, गायिका अजून मंद्रात असताना, दोन तानपुऱ्यांच्या खर्जाच्या तारांमध्ये अगदी सूक्ष्म फरक आहे, आणि तो हळूहळू हलणाऱ्या लाटेसारखा ऐकू येतो. पातळी भरपूर उचलली तरी त्याखाली यंत्राची खरखर येत नाही. काश्मीर असे नाव दिलेले या यंत्राचे प्रीअँप, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारे भाग, अत्यंत शांत आहेत. खाली येते ती खोली. कूलर बंद करूनही कुठल्या तरी गच्चीवरच्या पंपाची घुरघुर, संवादिनीच्या भात्याचा श्वास, मागे बसलेल्या विद्यार्थिनीची बांगडी, आणि सातच्या सुमारास कावळे. आधीच्या मुद्रणांत या सगळ्यावर यंत्राच्या खरखरीचा एक पडदा असे. तो पडदा गेल्यावर सभागृह निवडण्याची आमची पद्धतच बदलावी लागली, आणि आता जागा पाहायला जाताना आम्ही मुद्रक सोबत नेतो, पाच मिनिटांची निव्वळ शांतता मुद्रित करतो आणि घरी ती मोठ्या आवाजात ऐकतो.

आता उच्च विभेदनाच्या (हाय-रेझोल्यूशनच्या) दुसऱ्या आकड्याकडे वळतो, ज्याबद्दल श्रोते सर्वांत जास्त विचारतात. यंत्र १९२ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १ लाख ९२ हजारांपर्यंत, ध्वनीचे नमुने घेते. आम्ही ९६वर थांबलो आहोत. माणसाचा कान चांगल्या वयातही २० किलोहर्ट्झच्या पलीकडे जात नाही आणि सीडीचा ४४.१चा दरही २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे साठवतो, त्यामुळे १९२ने नेमके काय साधते याचे पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही. जागा मात्र दुप्पट लागते. ३२ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर एका मार्गिकेला (ट्रॅकला) तासाला सुमारे १.४ जीबी लागतात. चार मायक्रोफोन आणि स्टिरिओ मिश्रण धरून तोडीची ती एक सकाळ २५ जीबीच्या घरात गेली. त्याच मुद्रणाची २४ बिट-९६ची फाइल आणि सीडीच्या दर्जाची फाइल मित्राने न सांगता आलटून पालटून वाजवली तेव्हा मला त्या खात्रीने ओळखता आल्या नाहीत, हे कबूल करतो. १२८ केबीपीएसची एमपी३ मात्र लगेच ओळखली, कारण तिच्यात जवारी धुक्यासारखी विरघळते. म्हणजे जादा बिटांचा खरा लाभ श्रोत्याला मिळण्याआधी मुद्रण करणाऱ्याला मिळतो: न घाबरता काम करता येते, संकलनात पातळ्या हव्या तशा हलवता येतात, आणि मूळ प्रत पुढच्या पिढीच्या साधनांसाठी शाबूत राहते. आम्ही विक्रीला २४ बिट-९६ची फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेली) फाइल ठेवतो, पण ती सीडीपेक्षा ‘दुप्पट चांगली’ वाजते अशी जाहिरात करण्याचे धाडस आमच्याने होत नाही.

मायक्रोफोन लावण्यासाठी चारच एक्सएलआर जोड ही या यंत्राची मला सर्वांत टोचणारी मर्यादा. मुख्य जोडी, आवाज आणि तबला एवढ्यातच ते संपतात. दायाँ आणि डग्गा वेगळे घ्यायचे, संवादिनीला किंवा तानपुऱ्याला स्वतंत्र मायक्रोफोन द्यायचा तर सोयच नाही. अर्थात, या अडचणीने आम्हाला थोडी शिस्तही लावली. वॉटर लिली अकूस्टिक्स या कॅलिफोर्नियातल्या छोट्या प्रकाशनाने १९९२ साली मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांचे एकत्र वादन सांता बार्बाराच्या एका चॅपेलमध्ये ब्लमलाइन पद्धतीच्या, म्हणजे एकाच जागी काटकोनात लावलेल्या, मायक्रोफोन-जोडीने टेपवर घेतले, आणि त्या मुद्रिकेला पुढे ग्रॅमी मिळाले. तिथे बिटांचा प्रश्नच नव्हता. जागा चांगली होती आणि मायक्रोफोन योग्य ठिकाणी होते. आम्हीही आता आधी जोडीनेच गाणे उभे राहते का ते पाहतो आणि जवळचे मायक्रोफोन मिठासारखे वापरतो. तोडीच्या अंतिम मिश्रणात तबल्याच्या मायक्रोफोनचा वाटा इतका कमी आहे की तो बंद केला तर तबलजींखेरीज कोणाच्या लक्षात येईल असे वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अर्ध्या किलोच्या आसपास वजन आणि धातूचे कवच यामुळे यंत्र खांद्यावरच्या पिशवीत सहज जाते. रंगीत स्पर्शपडदा फार लहान आहे. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा विसरू नये. साध्या एए सेलवर ४८ व्होल्टचे चार मायक्रोफोन चालवायचे तर सेल बघता बघता उतरतात, तेव्हा कॅमेऱ्याला लागते तशी मोठी बॅटरी किंवा यूएसबी-सीची पॉवर बँक हवीच, आणि भिंतीतल्या विजेपेक्षा बॅटरी बरी, कारण जुन्या सभागृहांच्या अर्थिंगमधून येणारी घूं तिच्यामुळे टळते. एसडी कार्डावर मुद्रण झाले की त्याची प्रत जोडलेल्या पेनड्राइव्हवर घेता येते. गायक चहाला उठण्यापूर्वी दुसरी प्रत माझ्या खिशात असते. बटण दाबण्याच्या काही क्षण आधीचा ध्वनीही साठवणारी प्री-रोलची सोय आहे. पहिला षड्ज अनेकदा ‘चला, सुरू करू या’ असे कोणी म्हणण्याआधीच लागतो, त्यामुळे ती कायम चालू ठेवावी.

किंमत छोट्या प्रकाशनाला जड जाते. आम्हाला दोन मुद्रिकांच्या स्टुडिओभाड्याचा हिशेब मांडल्यावर ती पटली. ज्यांना वर्षातून एखादेच मुद्रण करायचे आहे त्यांनी भाड्याने घ्यावे. एकल सतार किंवा सरोद तबल्यासह घ्यायची असेल तर तीन एक्सएलआर जोडांची मिक्सप्री-३ टू पुरेल. जुगलबंदी किंवा पखवाजासह ध्रुपद घेणाऱ्यांनी मात्र थोडे थांबून आठ जोडांच्या मिक्सप्री-१० टूकडे पाहावे. आम्हीही जानेवारीतल्या धमाराच्या बैठकीसाठी तीच भाड्याने सांगून ठेवली आहे.