कोल्हापुरी पायताण: भाव विचारण्याआधी उलटं करून बघा

झब्ब्यावर, जीन्सवर, लग्नात, कॉलेजात, आमच्या पिढीला कोल्हापुरीची हौस पुन्हा आलीय. पारख मात्र आलेली नाही, आणि रेक्झिनचे जोड त्यावरच खपतात.

जोड हातात घेतला की आधी उलटा करा. अस्सल कोल्हापुरीचा तळ चामड्याच्या थरांचा असतो. कडेने बघितलं की थर मोजता येतात, टाचेला एखाददुसरा जास्त. शिवण चामड्याच्या वादीची, खिळा कुठेच नाही. थरांमध्ये पुठ्ठा दिसला तर जोड तिथेच ठेवून द्या. मग नाकाशी धरा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला मातकट वास येतो, रसायनाचा उग्र दर्प नाही. गडद जोडावर ओलसर पांढरा रुमाल घासा. रुमालाला लागला तो रंग पायालाही लागणार.

माप घट्टच घ्या. चामडं वापरून पायाप्रमाणे सैलावतं, आधीच सैल घेतलेली लवकरच फटकफटक करायला लागते. नवी चावते, विशेषतः अंगठ्याशी आणि पट्ट्याच्या कडेला. तिथे रात्री आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळा, पहिले चार दिवस तासाभरच घाला. पावसाला मात्र ही चप्पल शून्य गुणांची. चार महिने कापडी पिशवीत ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात तळ वाकडा होतो, तडे जातात.

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा माल म्हणजे नकली, असं सर्रास ऐकू येतं. चूक आहे. २०१९ चं भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावू देणारी नोंद, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, बेळगाव त्यात आलं.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसलेच सँडल आणले, तेव्हा सगळ्यांचा अभिमान उफाळून आला. दुकानात आलं की तेच लोक पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणार! पट्ट्यावरची ती वेणी बारीक वाद्या कापून विणावी लागते, बहुतेक वेळा घरातल्या बायका विणतात, आणि घासाघीस शेवटी त्यांच्या मजुरीवर येते. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून भिस्त म्हशीच्या चामड्यावर. त्यात जातीचा शिक्का. चप्पल मिरवायला सगळे पुढे, चामडं शिवायची आरी धरायला कुणी नाही. कारागिराचं पोरगं एमआयडीसीत नोकरी शोधतंय, यात त्याचं काय चुकलं?

टाच झिजली म्हणून जोड फेकू नका, कारागीर नवा थर शिवून देतो. घेतानाच विचारून ठेवा. ‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे बहुधा स्वतःचा कारागीर नसतो.