सड्यावरचे परागकण आणि फोल्डस्कोप

फोल्डस्कोप हा घड्या घालून जोडायचा कागदी सूक्ष्मदर्शक स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केला आणि २०१४ मध्ये त्याची माहिती शोधनिबंधातून प्रसिद्ध झाली. शाळकरी मुलांसाठी तो उत्तम आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे. मी तो एका वेगळ्याच प्रश्नासाठी घेतला होता, त्यामुळे हे परीक्षणही त्या प्रश्नापुरतेच आहे.

रत्नागिरी परिसरातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलते. पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांची ही कंदवर्गीय वनस्पती कोकणपट्टीबाहेर आढळत नाही. सड्यांच्या मध्ये आंब्याच्या बागा, चिरेखाणी आणि रस्ते येत गेल्याने तिचे लहान लहान समूह एकमेकांपासून तुटत चालले आहेत. अशा समूहात बाहेरचे परागकण येईनासे झाले, की पिढ्यानपिढ्या नात्यातल्या झाडांमध्येच प्रजनन होत राहते, आनुवंशिक विविधता घटते आणि बी धरण्याचे प्रमाणही खालावू शकते. म्हणून पहिला प्रश्न अगदी साधा असतो: फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या पराग धरणाऱ्या टोकावर, परागकण पोहोचतात का?

या प्रश्नापुरता फोल्डस्कोप चोख काम करतो. वनस्पती दुर्मीळ असल्याने मी फक्त कोमेजून गळायला आलेल्या फुलांतल्या कुक्षी घेतल्या, काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवल्या आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली. प्रथम दिसतात ती जाड काळ्या कडांची गोल वर्तुळे. ते हवेचे बुडबुडे असतात आणि नवशिक्यांना तेच परागकण वाटतात. खरे कण फिकट पिवळे, लांबट आणि मध्ये उभी खाच असलेले दिसतात. तेच पाण्यात ठेवले, तर फुगून खाच उघडते आणि आकार बराच गोलसर होतो. सुमारे १४० पट वर्धन आणि दोनेक मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील एवढी क्षमता अशा कणांची मोजणी करायला पुरेशी आहे. दृश्याच्या कडा मात्र अस्पष्ट राहतात, कारण एकाच गोलाकार भिंगाची ती अंगभूत मर्यादा आहे. त्यामुळे मोजणी मधल्या भागातच करावी आणि पट्टी थोडी थोडी सरकवत जावे.

कण त्याच झाडाचा की शेजारच्या सड्यावरचा, हे मात्र फोल्डस्कोप सांगू शकत नाही, आणि जनुकप्रवाहाचा, म्हणजे एका समूहातली जनुके दुसऱ्यात पोहोचण्याचा, खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. त्यासाठी बियांतून उगवलेल्या रोपांचा डीएनए तपासून पितृत्व ठरवावे लागते. परागकणांतून फुटणाऱ्या नलिका कुक्षीखालच्या दांड्यात (कुक्षीवृंतात) किती खाली उतरल्या, हे पाहायलाही खास रंगद्रव्य आणि प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शक लागतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात लेकसाइड डेझी या दुर्मीळ रानफुलाचा जो समूह उरला होता, त्याला वर्षानुवर्षे बी धरत नव्हते, कारण त्यातली झाडे एकाच संकरण-गटातली होती आणि एकमेकांचे पराग नाकारत होती. ओहायोतील झाडांशी संकर केल्यावरच बी मिळाले. तिथल्या कुक्षी फोल्डस्कोपखाली परागांनी भरलेल्या दिसल्या असत्या आणि पाहणाऱ्याने सारे आलबेल आहे असे ठरवले असते! म्हणूनच कणांच्या मोजणीबरोबर त्याच समूहातील फळे आणि भरलेल्या बिया यांचीही नोंद ठेवावी. तिला उपकरण लागत नाही.

रुई किंवा कंदीलपुष्पाच्या कुळातील वनस्पतींसाठी मी याची शिफारस करणार नाही. त्यांचे पराग सुटे नसतात, पुंजक्यांत बांधलेले असतात आणि ते चांगल्या हातभिंगातूनही दिसतात.

निसर्गमंडळे, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि सड्यांवर नियमित फिरणारे हौशी अभ्यासक यांनी फोल्डस्कोप जरूर घ्यावा. घेताना दिव्याची सोय असलेलाच संच निवडावा. आषाढातल्या ढगाळ उजेडात नुसत्या आकाशाकडे धरून परागकण मोजणे जमत नाही.