हात सुधारायचा की मोटर बदलायची?

ऐरोलीच्या भाच्याचा पेच: १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) रिमोट शर्यतीच्या गाडीला ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि भारी सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) घ्यावा, की तेवढ्याच पैशांत टायर आणि जादा लिपो बॅटरी पॅक घेऊन नुसता सराव करावा?

फेरीच्या वेळेत सराव सरस. नवी मोटर सरळ पट्ट्यावर जे कमावते, ते एका उशिरा लागलेल्या ब्रेकमध्ये जातं. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की स्टीअरिंगचं डावं-उजवं उलटं होतं. बोटांना हे वळण लागायला दुसरा इलाज नाही. खर्चही बघा. कमी टर्नची (तारेचे कमी वेढे असलेली) मोटर म्हणजे जास्त वेग, मग धडकेत चाकं धरणारे आर्म तुटतात, सर्वोचे दाते उडतात.

तरी ढिला सर्वो बदलाच. तो असला की चूक हाताची की यंत्राची, कळतच नाही. सेन्सरवाली मोटर मंद वेगात झटके देत नाही, आणि ब्रशलेसमध्ये ब्रश झिजण्याची भानगड नसते. जायरो (गाडी घसरली की स्टीअरिंग आपोआप सावरणारा सेन्सर) मात्र हाताला आळशी करतो. शिवाय बऱ्याच स्पर्धांत त्याला बंदी असते.

अजून कठड्याला घासत असाल तर टायर-बॅटरी घ्या. सलग फेऱ्या जवळपास सारख्या वेळेत निघत असतील, तर मोटर-ईएससीवर खुशाल पैसे घाला.