मिसिसिपी मसाला की जंगल फीवर?

दोन्ही पिक्चर १९९१ चे, दोन्हीत वेगळ्या वंशाचं प्रेम आणि मग घरच्यांचा राडा, पण एकच बघणार असाल तर माझं मत मीरा नायरच्या मसालाला. हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेलं गुजराती कुटुंब, मुलगी मोटेलात काम करते आणि जीव जडतो कार्पेट धुणाऱ्या काळ्या डेमेट्रियसवर. बिलॉक्सी शहरात दोघं एकत्र सापडतात, मग आपलेच देशी मोटेलवाले त्याची कामं बंद करतात, बँकही मागे लागते, म्हणजे फटका थेट पोटावर.

स्पाइक लीच्या फीवरमध्ये लग्न झालेला काळा फ्लिपर आणि ऑफिसातली गोरी अँजी यांचं जुळतं; मग बायको फ्लिपरचे कपडे खिडकीतून रस्त्यावर फेकते, अँजीला तिचा इटालियन बाप बेदम मारतो, बघवत नाही. पण त्यांचं प्रेमच पटत नाही हो, लक्षात राहतो तो सॅम्युअल जॅक्सनने केलेला फ्लिपरचा गर्दुल्ला भाऊ! मसालातल्या जोडीचा, म्हणजे डेंझेल वॉशिंग्टन-सरिता चौधरीचा रात्रीचा फोन मात्र, आहाहा.