बर्फाचा डबा की ओली पिशवी?

टिर्झेपेटाइड किंवा सेमाग्लुटाइड या मधुमेह व वजन कमी करण्याच्या औषधांचे न वापरलेले इंजेक्शनचे पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, ग्वाल्हेरहून पुण्याला रेल्वेने निघालेल्यांपुढे यासाठी दोन पर्याय असतात. बर्फाच्या पाकिटांचा डबा हवा तेवढा गारवा देतो. पण पेन पाकिटाला थेट टेकून औषध एकदा गोठले, तर वितळल्यावर ते कितीही स्वच्छ दिसले तरी टाकूनच द्यावे लागते, म्हणून मध्ये सुती पंचाची घडी हवीच. पाण्यात भिजवायची पिशवी गोठवत नाही, आणि लू वाहत असताना वाळ्याच्या ताट्यांप्रमाणे उत्तम चालते. श्रावणातल्या दमट हवेत मात्र तिचे काही चालत नाही. शिवाय ती ८ अंशांपर्यंत उतरत नाही. त्यामुळे ज्या औषधाला ३० अंशांपर्यंतची सवलत आहे त्यालाच ती पुरेशी ठरते: माउंजारोच्या (टिर्झेपेटाइडच्या) क्विकपेन या पेनाला पहिल्या वापरानंतर ३० दिवस, एका मात्रेच्या कुपीला फ्रिजबाहेर २१ दिवस, सेमाग्लुटाइडसाठी खोक्यातील पत्रकच प्रमाण मानावे. वापरातल्या एकाच पेनासाठी मी पिशवी निवडेन; पुढच्या महिन्यांचा साठाही सोबत असेल, तर डबाच.