सीमेआधी रिव्हॉल्व्हर कुठे ठेवावे : बंदुकीचे दुकान की भाड्याचा लॉकर?

मोटरहोमने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, कॅनडामार्गे अलास्काला जाणाऱ्या अमेरिकी प्रवाशाला, माँटानातील स्वीटग्रासची चौकी गाठो किंवा वॉशिंग्टनमधील ब्लेनची, त्याआधी सोबतच्या हँडगनची, म्हणजे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाची, सोय लावावीच लागते. १९ ऑगस्ट २०२२ पासून, मोजके अपवाद वगळता, कोणाही व्यक्तीला कॅनडात हँडगन नेता येत नाही, आणि ती न सांगता नेताना सापडली तर जप्तीबरोबर फौजदारी कारवाईलाही सामोरे जावे लागते. रायफलीचे तसे नाही. कॅनडाच्या कायद्यात सर्वांत कमी बंधने असलेल्या ‘नॉन-रिस्ट्रिक्टेड’ वर्गातील रायफल किंवा शॉटगन योग्य कारण असेल तर चौकीवर जाहीर करून आणि २५ कॅनेडियन डॉलर भरून ६० दिवसांसाठी नेता येते, म्हणून तिचा विचार येथे केलेला नाही. ज्यांचा प्रवास घरातून निघून सरळ सीमेकडेच होणार आहे, त्यांनीही हँडगन घरच्या तिजोरीतच ठेवावी. जे महिनोन् महिने अमेरिकेतील राज्यांमधून फिरत फिरत उत्तरेकडे सरकतात आणि ज्यांचे घर दीड-दोन हजार मैल मागे राहिलेले असते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी आणि माझी पत्नी २०२३ आणि २०२४ मध्ये या मार्गाने गेलो, आणि दोन्ही वेळा आमच्या रिव्हॉल्व्हरची सोय वेगळ्या प्रकारे केली.

सर्वांना प्रथम सुचतो तो वाटेवरचा एखादा मित्र. तो किती विश्वासू आहे याबद्दल शंका नसली तरी कायद्याची अडचण राहतेच, कारण दुसऱ्या राज्यातील रहिवाशाच्या हाती परवानाधारक विक्रेत्याला वगळून बंदूक सोपवण्यावर केंद्रीय कायद्याची बंधने आहेत. वॉशिंग्टन राज्यात तर २०१४ मध्ये जनमताने मंजूर झालेल्या कायद्यानुसार खासगी व्यक्तींमधील हस्तांतरालाही, काही अपवाद सोडले तर, पार्श्वभूमीची तपासणी लागते. मित्राला अशा गुंतागुंतीत ओढणे मला योग्य वाटले नाही. घरसामानासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाळ्यांचे करार बहुधा शस्त्रे आणि दारूगोळा ठेवण्यास मनाई करतात, आणि बँकेच्या लॉकरचेही बहुतेक ठिकाणी तसेच असते. त्यामुळे खरी निवड दोनच गोष्टींत उरते : परवानाधारक बंदूकविक्रेत्याच्या ताब्यात देणे, किंवा एखाद्या नेमबाजी केंद्रात लॉकर भाड्याने घेऊन किल्ली स्वतःकडे ठेवणे.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही पहिला मार्ग निवडला. माँटानात सीमेच्या अलीकडच्या एका गावातील दुकानात रिव्हॉल्व्हर दिले, आणि त्या क्षणी मला फार निश्चिंत वाटले होते, हे मान्य केले पाहिजे. दुकानाला पोलादी तिजोरी होती, रात्री चालू राहणारी धोक्याची घंटा होती, आणि बंदूक ताब्यात घेताना विक्रेत्याने तिचा उत्पादक, नमुना, अनुक्रमांक आणि कॅलिबर, तसेच माझे नाव व पत्ता, कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या नोंदवहीत समोर लिहून घेतला. आपली वस्तू कोणाकडे आणि कधीपासून आहे याचा इतका पक्का पुरावा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. केवळ चोरी आणि आगीपासूनचे संरक्षण एवढाच निकष धरला, तर दुकानाचे पारडे आजही जड आहे असेच मी म्हणेन.

अडचण उभी राहिली ती परत घेताना, आणि माझा निर्णय तिच्यामुळेच बदलला. जी नोंदवही देताना आधार वाटत होती, तिच्यामुळेच रिव्हॉल्व्हर कागदोपत्री दुकानाच्या साठ्यात गेलेले होते. ते बाहेर काढून माझ्या हाती देताना विक्रेत्याने माझ्यासमोर फॉर्म ४४७३ ठेवला, म्हणजे नवी बंदूक विकत घेताना भरावा लागतो तोच. स्वतःच्या, वीस वर्षे वापरलेल्या रिव्हॉल्व्हरसाठी मी तो पुन्हा भरला, आणि बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडून माझी तपासणी सुरू झाली. दिवस होता शुक्रवार, १ सप्टेंबर. बहुतेकांना काही मिनिटांत होकार मिळतो. मला ‘विलंबित’ असे उत्तर आले. असे उत्तर आले की यंत्रणेला तीन कामाचे दिवस मिळतात, आणि त्यांत शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा दिवस धरला जात नाही. पुढचा सोमवार ४ तारखेचा, म्हणजे अमेरिकेतील कामगार दिनाच्या सुट्टीचा होता. होकार आला बुधवारी दुपारी. माझ्या नावाशी मिळतेजुळते नाव कोठेतरी नोंदलेले असावे, असा विक्रेत्याचा अंदाज होता. त्याने केले ते नियमाप्रमाणेच केले आणि बोलण्यातही तो शेवटपर्यंत सौजन्याने वागला, त्यामुळे त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पाच रात्री आम्ही त्या गावाबाहेर मोटरहोम उभे करून थांबलो. पुढच्या मुक्कामाचे आरक्षण गेले, पत्नीची डॉक्टरांकडची ठरलेली वेळ पुढे ढकलावी लागली, आणि या काळात विचारायला कोणाकडे जावे हेही कळत नव्हते, कारण दुकानदाराच्या हाती काही नव्हते आणि यंत्रणेकडून उत्तर येण्याची वेळ कोणी सांगू शकत नव्हते. मोटरहोममध्ये राहणाऱ्याला प्रतीक्षा नवी नसते. टायर, जनरेटर, पाऊस यांसाठी आपण थांबतोच. परंतु स्वतःची वस्तू काचेपलीकडे दिसत असताना ती मागण्यासाठी पाच दिवस थांबण्याचा जो मनस्ताप झाला, तो मी अजून विसरलेलो नाही. प्रत्येकाला असाच अनुभव येईल असे नाही, किंबहुना बहुतेकांना येणार नाही. पण ज्याचे नाव एकदा असे अडकले, त्याला ते पुढच्या खेपेसही अडकण्याची भीती राहते.

म्हणून २०२४ मध्ये आम्ही सीमेपासून दोनेक तास अलीकडे असलेल्या एका नेमबाजी केंद्रात लॉकर घेतला. येथे फरक एवढाच, पण मोलाचा : लॉकर त्यांचा, कुलूप माझे आणि किल्ली माझ्या खिशात. केंद्राच्या माणसांनी रिव्हॉल्व्हर हातातही घेतले नाही. ताबा माझ्याकडून सुटलाच नसल्याने ते कोणाच्या साठ्यात गेले नाही, आणि परत घेताना फॉर्म किंवा तपासणी यांचा प्रश्न आला नाही. ऑगस्टच्या शेवटी आम्ही परतलो तेव्हा मी आत गेलो, कुलूप उघडले, रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची खात्री केली, ते कुलूपबंद पेटीत घातले आणि बाहेर आलो. पत्नीने चहासाठी पाणी ठेवले होते, ते उकळायच्या आत मी परतलेला होतो.

लॉकरमध्ये उणिवा नाहीत असे नाही. त्याचा पत्रा तिजोरीच्या मानाने पातळ असतो, आणि चोरी झाल्यास केंद्र जबाबदारी घेत नाही, असे माझ्या करारात स्पष्ट लिहिलेले होते. म्हणून निघण्यापूर्वी मी विमा कंपनीकडून लेखी खात्री करून घेतली आणि अनुक्रमांकाचे छायाचित्र जवळ ठेवले. आतली हवा कोंदट असते, तेव्हा बंदुकीला तेलाचा हात फिरवून, आर्द्रता शोषणाऱ्या पुड्या सोबत ठेवून ती बंद करावी. बंद पेटीत फोमला चिकटून चार महिने राहिलेल्या धातूवर गंज धरतो, हे मी दुसऱ्या एका बंदुकीच्या बाबतीत पाहिले आहे. शिवाय असे लॉकर सर्वत्र मिळत नाहीत, आणि काही केंद्रे ते केवळ सभासदांनाच देतात. ज्यांच्याकडे चार-पाच मौल्यवान बंदुका आहेत, किंवा ज्यांचा मुक्काम वर्षभराचा आहे, त्यांना दुकानाची तिजोरी अधिक सोयीची वाटू शकेल. अशांनी देण्यापूर्वीच, परत घेताना नेमके काय करावे लागेल, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. मी ते विचारले नव्हते.

दोन्ही मार्गांत एक गैरसोय समान आहे, ती म्हणजे ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येण्याचे बंधन. अलास्कात गेल्यावर बेत बदलण्याचा मोह होतो. हेन्सहून निघणारी सरकारी फेरी गाडीसकट वॉशिंग्टनमधील बेलिंगहॅमला उतरवते, आणि आम्हालाही त्या सागरी प्रवासाची फार ओढ होती. पण रिव्हॉल्व्हर माँटानात असल्याने बेलिंगहॅमहून आयडाहो ओलांडून पुन्हा पूर्वेकडे यावे लागले असते, म्हणून ती इच्छा सोडून द्यावी लागली. ज्यांना जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी ठेवायची आहे, त्यांनी सीमेच्या तोंडाशी नव्हे, तर दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात अशा बऱ्याच अलीकडच्या शहरात सोय शोधावी. तेथवरच्या अंतरात राज्ये ओलांडताना, बंदूक घेऊन राज्यांमधून जाण्यास मुभा देणाऱ्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर बंदूक रिकामी आणि, मोटरहोमला वेगळी डिकी नसल्याने, कुलूपबंद पेटीत असली पाहिजे. चालकाजवळचा कप्पा त्यासाठी चालत नाही.

बंदूक ठेवून झाली की काम संपले असे समजू नये. मोटरहोम हे घर असते आणि घरात काडतुसे कुठेही सापडतात : जाकिटाच्या खिशात, मासेमारीच्या पेटीत, आसनाखालच्या खणात. दहापेक्षा अधिक गोळ्या मावणारे पिस्तुलाचे मॅगझिन नुसते सापडले तरी कॅनडात ते प्रतिबंधित साधन ठरते, आणि माणसांवर वापरायचा मिरपुडीचा फवाराही तेथे चालत नाही. अस्वलांसाठीचा मात्र चालतो. आम्ही २०२४ मध्ये लॉकर बंद करून संध्याकाळी त्याच शहरात मुक्काम केला आणि प्रत्येक खण जमिनीवर रिकामा करून पाहिला. रात्री साडेआठच्या सुमारास पत्नीला चमच्यांच्या कप्प्याच्या मागच्या फटीत .३८ ची दोन काडतुसे सापडली. केंद्र नऊला बंद होत असे. मी किल्ली घेऊन निघालो, ती दोन काडतुसे लॉकरमधील दारूगोळ्याच्या डबीत ठेवली आणि कुलूप पुन्हा लावले.