कायदे बनवायचा बोर्ड गेम: फासे बाजूला ठेवा, मग मजा येते

थोरला 12 चा, धाकटी 9 ची. विधेयक, सभागृह, सही, कायदा असा बाणाबाणांचा तक्ता थोरल्याला तोंडपाठ, पण लोकप्रतिनिधी दिवसभर नक्की करतो काय असं विचारलं तर उत्तर एकच, भाषण. म्हणून हा गेम घेतला. आता सात-आठ वेळा खेळून झालाय तेव्हा लिहायला हरकत नाही.

सगळ्यात भारी काय तर मतदारसंघाच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाला एक मतदारसंघ आणि तिथल्या लोकांची आठ पत्रं मिळतात, ती वाचल्याशिवाय सभागृहात तोंड उघडायचं नाही. धाकटीच्या वाट्याला नदीकाठचा कारखाना आला, सहा पत्रं कामगारांची की आमचं काम जाईल, दोन खालच्या अंगाला मासेमारी करणाऱ्यांची की पाणी घाण झालंय, आणि विधेयक नेमकं असं की सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत सोडायचं नाही. ती म्हणाली सोप्पंय, सहा जास्त म्हणजे विरोध. मग परत वाचलं तर मासेवाल्यांच्या चिठ्ठीवर छापलेलं, आम्ही तुम्हाला मत दिलं नव्हतं. ‘आई, मग यांचं पण ऐकायचं का गं?’ ...चांगली दहा मिनिटं गेम तिथेच अडकला. तक्ता कितीही वेळा पाठ केला असता तरी हा प्रश्न काही आला नसता.

तोडगा थोरल्याने काढला, दुरुस्तीचं कार्ड टाकलं, कारखान्याला दोन वर्षांची मुदत द्या. धाकटी बाजूने आली, मी आणि बाबा विरोधातच, झाले दोन-दोन. आजींना अध्यक्ष केलं होतं, त्या पहिल्यापासून हात वर करून बसलेल्या, त्यांना सांगावं लागलं की अहो अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच निर्णायक मत. लोकसभेतही असंच असतं. मग काय, आजींनी नातवंडांच्या बाजूने मत टाकलं, नि:पक्षपातीपणा राहिला बाजूला!

आता तक्रारी. फासे कशाला दिलेत देव जाणे, सहा पडले की विधेयक पास?? आम्ही पहिल्याच दिवशी डब्यात टाकले. दुसरं म्हणजे पहिल्या कार्डापासून सगळीकडे ‘कायदा’ लिहिलंय, अरे मंजूर होऊन राष्ट्रपतींची सही होईपर्यंत ते विधेयकच असतं ना, निदान या गेममध्ये तरी हे चुकायला नको. तीन वाचनं व्यवस्थित दाखवलीत, मांडणी, मग कलमवार चर्चा, मग शेवटचं मतदान, पण समितीला फक्त एक चौकोन आणि तोही उडी मारून जायचा. तज्ज्ञांना बोलावून एकेक वाक्य तासायचं किचकट काम तिथेच होतं हो.

आणि पक्ष तर नाहीतच, सगळे जणू अपक्ष. मी मुलांना सांगितलं की आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. धाकटी म्हणाली, मग माझी पत्रं कोण वाचणार? माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. व्हिपचं एक कार्ड हवंच होतं.

देशांची कार्डं मात्र मस्त, नियमच बदलून टाकतात. अमेरिका आली की राष्ट्राध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, मग दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं गोळा करत बसा. न्यूझीलंड आलं की सभागृह एकच, खेळ पटकन संपतो. भारताच्या कार्डात धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं, राज्यसभेला 14 दिवसांत परत पाठवावंच लागतं, हे खरं सांगायचं तर मीही विसरले होते. ऑस्ट्रियात 16 व्या वर्षी मतदान करता येतं हे वाचल्यापासून थोरला चार वर्षं मोजतोय.

माझ्याकडून साडेतीन स्टार. आठच्या आतल्या मुलांना पत्रं वाचून दाखवावी लागतील, ती लांबलचक आहेत. बॉक्सवर 2 ते 6 खेळाडू लिहिलंय त्यावर जाऊ नका, दोघांत मतदान कसलं, पाच तरी हवेत, एक जण अध्यक्षपदात जातो.